तीन नंबरच्या कोअरचं घड्याळ

ऑफिसात तिला सगळे किसणी म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि राग यायचा नाही. कुठल्याही गोष्टीचा कीस काढल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, हे तिचं तिलाच मान्य होतं.

तिचं कामही तसलंच. कारखान्यातली मोठी यंत्रं चालवणारे कंट्रोलर तिची कंपनी बनवायची. कंट्रोलरच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर, त्या कॉम्प्युटरच्या पोटात कर्नेल, म्हणजे कुणी कधी काय काम करायचं याची वाटणी करणारा मूळ प्रोग्राम. त्या कर्नेलमध्ये काय घडलं आणि नेमकं कधी घडलं, याची सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंद ठेवणारं एक साधन होतं. त्या नोंदीला ट्रेस म्हणत. गेली सहा वर्षं ते साधन किसणीच्या हाती होतं. तिने त्याला वाढवलं होतं, त्याचे रुसवेफुगवे काढले होते. घरी सासूबाई म्हणायच्या, "हिला दोन मुलं. एक शाळेत जातं, एक ऑफिसात असतं."

त्या सोमवारी सकाळी एका बाटल्या भरणाऱ्या कारखान्यातून तक्रार आली. "तुमच्या ट्रेसमध्ये उत्तर आधी आलंय आणि प्रश्न नंतर विचारलाय. आमचं यंत्र ज्योतिष शिकलंय का?"

किसणी हसली. शेजारच्या टेबलावर तपासणीचं काम करणारा एक गृहस्थ बसायचा. कुणी 'नमस्कार' म्हटलं तरी 'कशावरून?' असं विचारेल अशी त्याची ख्याती, म्हणून त्याचं नाव शंकासूर. तिने त्याला ती तक्रार वाचून दाखवली.

"घड्याळ," शंकासूर मान वर न करता म्हणाला.

"घड्याळच," ती म्हणाली.

त्यात नवल काही नव्हतं. त्या चिपमध्ये चार कोअर होते, म्हणजे एकाच कचेरीत बसलेले चार कारकून. प्रत्येकाची वही वेगळी आणि घड्याळही वेगळं. किसणीचं साधन शेवटी चारही वह्या घेऊन वेळेप्रमाणे एकीत एक मिसळायचं. एकाचं घड्याळ पुढे गेलं, की त्याच्या नोंदी मागे पडायच्या आणि आधीचं नंतर दिसायचं. नवीन चिपमध्ये काम नसलं की कोअर झोपायचे. तीन नंबरचा कोअर झोपेतून उठताना कधीकधी घड्याळ पुढे ढकलूनच उठतो, हे तिने दुपारपर्यंत शोधून काढलं. तिला बरं वाटलं. त्यांच्या धंद्यात चुकीला किडा म्हणत, आणि सापडलेला किडा म्हणजे मेलेला किडा.

ती चहा घ्यायला उठली, कप भरला, आणि कप हातात तसाच राहिला.

क्रेनच्या कंट्रोलरमध्ये हीच चिप होती.

तीन आठवड्यांपूर्वी लोखंडी पाइपांच्या एका यार्डात अपघात झाला होता. क्रेनला पाइपांचा भारा टांगलेला, क्रेन पुढे सरकत होती, भाऱ्याचा एक पट्टा सुटला आणि पाइप घसरून खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पायावर आले. क्रेनवाला म्हणत होता, "पट्टा सुटताना मला दिसला. मी लगेच 'थांबा'चं लाल बटण दाबलं. क्रेन थांबली नाही, आणि मग पाइप पडले." बटण आधी दाबलं असेल, तर दोष क्रेनच्या ब्रेकचा. पाइप पडल्यावर दाबलं असेल, तर माणसाचं लक्ष नव्हतं. यार्डाने पाच सेकंदांचा ट्रेस पाठवला होता. किसणीने तो पाहिला आणि तीन ओळींचा अहवाल दिला होता: भार घसरल्यानंतर ०.४१ सेकंदांनी बटण दाबलं गेलं.

कुणीतरी तिला म्हणालंही होतं, "वा, एवढ्यात झालं?" आणि ती म्हणाली होती, "सरळच होतं."

ती चहा न पिता टेबलाकडे आली. तो ट्रेस उघडला. भार घसरल्याची नोंद शून्य नंबरच्या कोअरची. बटणाची नोंद तीन नंबरच्या.

तिने लगेच यार्डाला फोन लावला.

साहेबांच्या खोलीत ती बसलीच नाही. साहेब म्हणजे तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, घाईत निर्णय न घेणारे, आणि त्याबद्दल घाईत शिव्या खाणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चुकीचा असू शकतो म्हणतेस, की चुकीचा आहे म्हणतेस?"

"असू शकतो. पाच सेकंदांत कळत नाही. पूर्ण रेकॉर्डिंग लागेल. ते त्यांच्या कंट्रोलरच्या मेमरी कार्डावर असतं."

"मग मागव."

"मी फोन केला होता. परवा ते जुना कंट्रोलर काढून भंगारात देणार आहेत. मी उद्या जाते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "जा. पण नक्की कळेपर्यंत तिथे कुणाशी एक अक्षर बोलू नकोस. एकदा बोटं भाजलीत, दुसऱ्यांदा भाजून घ्यायची नाहीत."

घरी आल्यावर तिने भाजी निवडायला घेतली आणि अर्ध्यावर सोडली, कपाट आवरायला घेतलं आणि तेही सोडलं. सासूबाई खुर्चीतून पाहत होत्या.

"पायाला भिंगरी बांधलीय का गं? बूड टेकव जरा."

नवरा शाळेत गणित शिकवायचा. पेपर तपासता तपासता त्याने विचारलं, "घड्याळं चुकली तर साधन काहीच सांगत नाही? म्हणजे, वेळ उलटी गेली, बघा बुवा, असं?"

किसणी दारात थांबली. "सांगायचं. पूर्वी."

"आता?"

"गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या. दर पानावर इशारे, लोक घाबरतात, म्हणत होते. तसे ते बहुतेक किरकोळच असायचे. गेल्या वर्षी इशारा बंद केला."

"कुणी?"

ती कपाटाकडे वळली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि निवडायची राहिलेली भाजी आपल्या मांडीवर ओढून घेतली.

यार्ड शहराबाहेर होतं. दोन बस बदलून ती पोचली. फाटकाशी पत्र्याची केबिन होती आणि आत पन्नाशीचा एक माणूस ट्रकचे नंबर वहीत उतरवत होता. अक्षर सावकाश, एकेक आकडा कोरल्यासारखा. त्याने तिचं ओळखपत्र घेतलं, कंपनीचं नाव वाचलं, आणि पेन खाली ठेवलं.

"कंट्रोलरवाल्या का?"

"हो."

"अहवाल तुमच्याकडूनच आला होता."

तिला कळलं. तरी तिने विचारलं, "तुम्ही?"

"क्रेनवर होतो मी. एकवीस वर्षं. आता फाटकावर." तो वैतागून बोलत नव्हता. कुणाचं तरी दुसऱ्याचंच सांगावं तसं सांगत होता. "कुठे जायचंय?"

"इलेक्ट्रिक रूम."

"सरळ जा, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे. खाली बघून चाला, तारा पडल्यात."

ती निघाली, तर मागून तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू? ते मशीन चुकत नाही ना कधी?"

साहेबांचा चष्मा तिच्या डोळ्यांपुढे आला. "का विचारता?"

"नाही, पहिले आठ दिवस मी सगळ्यांशी भांडलो. मी आधी दाबलं, आधी दाबलं. मग तो कागद आला. आता रोज बसल्या बसल्या आठवून बघतो, तर मला दोन्ही आठवतं. आधी दाबल्याचंही आठवतं आणि नंतर दाबल्याचंही. मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणार आहे? मीच चुकलो असेन." त्याने पुन्हा पेन उचललं. "पाय गेला तो माझा मेहुणा आहे. बायकोचा धाकटा भाऊ. मीच लावला होता त्याला इथे कामाला."

किसणी टाकीच्या दिशेने चालायला लागली, आणि चालता चालता कधी पळायला लागली ते तिला कळलं नाही.

इलेक्ट्रिक रूममधल्या वायरमनने कार्ड काढून दिलं. "मला वाटलं, ही कटकट मिटली," तो म्हणाला आणि तिला एक स्टूल देऊन निघून गेला. स्टूल एका पायावर डुगडुगत होतं. तिने लॅपटॉप पॅनेलच्या कपाटावर ठेवला आणि उभ्यानेच काम सुरू केलं.

तिला काय हवंय ते ठाऊक होतं. कोअर एकमेकांना निरोप पाठवतात. निरोप पाठवण्याआधी पोचू शकत नाही, हे कुठल्याही घड्याळापेक्षा खरं. तीन नंबरने शून्यला पाठवलेले निरोप शोधायचे. ते निघण्याआधीच पोचलेले दिसले, तर तीनचं घड्याळ निदान तेवढं पुढे आहे. मग शून्यने तीनला पाठवलेले शोधायचे. त्यांना वाटेत लागलेला वेळ म्हणजे वरची मर्यादा. दोन्हींच्या मध्ये खरा फरक सापडतो.

निरोप हजारो होते. तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला, त्यात चूक झाली, दुरुस्त केला, पुन्हा चालवला. बाहेर कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं आणि दर वेळी ती दचकत होती. शेवटी आकडे आले. तीन नंबरचं घड्याळ पुढे होतं. कमीत कमी ०.६८ सेकंद. जास्तीत जास्त ०.७०.

तिने वजाबाकी तोंडी केली, मग कागदावर केली, मग उलट बाजूने केली. बटण भार घसरल्यावर ०.४१ सेकंदांनी नव्हतं दाबलं गेलं. भार घसरण्याच्या पाव सेकंदाहून अधिक आधी दाबलं गेलं होतं. त्या ब्रेकने सेकंदाच्या दहाव्या भागात पकड घ्यायला हवी होती. क्रेन हातभर अलीकडे थांबली असती. पाइप रिकाम्या जमिनीवर पडले असते.

ती फाटकापाशी आली तेव्हा एक ट्रक बाहेर पडत होता. तिने तो जाऊ दिला. दुरून तिला वाटत होतं की फक्त सही करून निघून जावं, उद्या साहेबांशी बोलावं, परवा पत्र जाईल, सगळं रीतसर होईल. क्रेनवाल्याने वही तिच्यापुढे सरकवली. बाहेर जाण्याची वेळ लिहायच्या रकान्यावर तिचा हात थांबला.

"तुम्ही आधी दाबलं होतं," ती म्हणाली.

त्याने वही मागे ओढून घेतली.

"आमच्या नोंदीतलं घड्याळ चुकलं होतं. आणि चुकलंय हे सांगणारा इशारा होता, तो मी बंद करून ठेवला होता. तुमची चूक नव्हती. तुम्ही वेळेत दाबलं होतं."

तिला वाटलं होतं तो खुश होईल, किंवा रडेल. तो खुर्चीवर बसला.

"मग थांबली का नाही?"

"ब्रेक बघावा लागेल."

"मी त्याच्या उशाशी जाऊन माफी मागितली," तो म्हणाला, आणि आता पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "त्याच्या पायाला हात लावून. जो पाय राहिलाय त्याला. न केलेल्या गोष्टीची माफी. बायको तीन आठवडे माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. तुम्हाला तीन आठवडे लागले?"

"हो."

"आता कुणाला सांगू मी हे? मी सांगितलं तर म्हणतील, बघा, सुटायला बघतोय. तुम्ही या. तुम्ही स्वतः येऊन सांगा माझ्या बायकोला."

"येते," ती म्हणाली. "आधी कागद पक्का करते, मग येते. रविवारी."

साहेब भडकले. एरवी ते आवाज चढवत नसत.

"मी काय सांगितलं होतं? एक अक्षर नाही! आणि तू फाटकावर उभी राहून निकाल देऊन आलीस?"

"तो माणूस स्वतःच्या आठवणीवरच विश्वास ठेवेनासा झाला होता, सर."

"आणि तुझी बेरीज चुकली असेल तर? त्याला पुन्हा सांगायला जाशील, की माफ करा, नंतरच दाबलं होतंत?"

साहेबांचं बरोबर होतं. त्यांनी सगळं शंकासुराकडे तपासायला दिलं. दोन दिवस तो तेच घेऊन बसला. किसणी येता-जाता त्याच्या पाठीमागे रेंगाळायची. एकदा तो म्हणाला, "मानेवर श्वास सोडू नका, आकडे उडतात."

शुक्रवारी सकाळी त्याने तिला बोलावलं. "हे बघा. हा निरोप कोअर झोपण्याआधीचा आहे. झोपून उठल्यावर घड्याळ पुन्हा हललेलं असू शकतं. हा धरता येणार नाही."

किसणी स्क्रीनवर वाकली. तिने पाहिलं. त्याचं खरं होतं. घाईत तिने एक निरोप चुकीचा धरला होता.

"काढला तर?"

"तर खालची मर्यादा ०.६८ नाही, ०.६४ येते." शंकासुराने मुद्दाम नाही, पण सवयीने थांबून पाणी प्यायलं. "०.६४ मधून ०.४१ गेले, ०.२३ राहिले. दाबलं आधीच. मला यात आता शंका नाही."

ऑफिसातल्या कुणीही त्याच्या तोंडून हे वाक्य आजवर ऐकलं नव्हतं.

साहेबांनी दुरुस्त अहवाल दोनदा वाचला. ब्रेकचं सॉफ्टवेअरही त्यांच्याच कंपनीचं होतं, म्हणजे उद्या दोष घरातच निघू शकत होता. ते खिडकीबाहेर बघत राहिले, मग सही केली. "इशारा तू बंद केलास हेही लिहिलंयस. ते लिहायलाच हवं होतं का?"

"हो."

"बंद करायची परवानगी मी दिली होती. तेही लिही," ते म्हणाले, आणि कागद परत तिच्याकडे टाकला.

रविवारी सकाळी नवरा तिला स्कूटरवरून क्रेनवाल्याच्या घरी घेऊन गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पलंगावर मेहुणा उशीला टेकून बसला होता. तिशीचा असेल. एका पायावर चादर होती आणि गुडघ्याखाली चादर सपाट होती. तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही किसणीने पाहिलं. क्रेनवाला दाराशीच उभा राहिला, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा. त्याची बायको आतून आली, हात पदराला पुसत.

किसणीने सांगितलं. कोअर, निरोप, आकडे यातलं काही नाही. "नोंदीतलं घड्याळ चुकलं होतं. यांनी बटण आधी दाबलं होतं. क्रेन थांबायला हवी होती, ती थांबली नाही. अहवाल मी लिहिला होता आणि तो चुकीचा होता." तिने नवा कागद पुढे केला.

बायकोने कागद घेतला नाही. "तो पहिला कागद लिहिताना," तिने विचारलं, "तुम्ही ह्यांना एकदा तरी विचारलं होतं का, काय झालं म्हणून?"

"नाही."

"का?"

"गरज वाटली नाही."

खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, त्याचा आवाज येत राहिला. मग पलंगावरून मेहुणा म्हणाला, "दाजी, मी घंटी ऐकली होती."

क्रेनवाल्याने मान वळवली.

"लाल बटण दाबलं की घंटी होते ना. ती मी ऐकली होती. वर बघितलं, आणि मग पाइप आले. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा पहिलं तेच आठवलं. मग आपल्या यार्डाचे साहेब कागद घेऊन आले, म्हणाले बटण नंतर दाबलंय. मला वाटलं, भास झाला असेल मला. एवढं लागल्यावर होतो म्हणे भास." तो चादरीची किनार बोटाला गुंडाळत होता. "तुम्ही माफी मागायला आलात तेव्हाही आठवलं होतं. मी गप्प बसलो."

क्रेनवाला पलंगाच्या कडेला जाऊन बसला. त्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. बायको भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा कुणालाही दिसू नये म्हणून तिने तो आतल्या खोलीकडे वळवला होता. थोड्या वेळाने ती तशीच उभी राहून म्हणाली, "अहो, त्यांना बसायला खुर्ची द्या." तीन आठवड्यांत ती नवऱ्याशी पहिल्यांदा बोलली होती.

पण किसणी बसली नाही. तिला वाटलं, आपण इथे आता एक क्षणही जास्त थांबणं बरं नाही. जिन्यात नवऱ्याने विचारलं, "बरं वाटतंय?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

पुढच्या महिन्यात ब्रेकमधला दोष सापडला आणि तो त्यांच्याच कंपनीचा निघाला. साहेबांनी मान खाली घालून तो कबूल केला. मेहुण्याच्या उपचारांची आणि नव्या पायाची जबाबदारी कंपनीने घेतली. क्रेनवाल्याला पुन्हा क्रेनवर बोलावलं, तेव्हा तो वर चढायला तयार होईना. दोन आठवडे त्याने फाटकावरच काढले. मग एक दिवस सकाळी कुणाला न सांगता शिडी चढून गेला. हे किसणीला वायरमनने फोनवर सांगितलं.

पण त्या रविवारनंतरच्या सोमवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली. पहिलं काम तिने केलं ते बंद केलेला इशारा चालू करण्याचं. नुसता चालू नाही, आता दोन नोंदींपैकी आधीची कुठली हे खात्रीने सांगता येत नसेल तर साधन स्वच्छ लिहिणार होतं: क्रम सांगता येत नाही. कोअर झोपेतून उठला की तो आपलं घड्याळ बाकीच्यांशी ताडून बघणार होता. एवढं झाल्यावर लोक चहाला उठले, आणि शंकासूरही उठला, पण ती उठली नाही.

तिने मागच्या वर्षभरातले अहवाल काढले. इशारा बंद असतानाचे. क्रेनचा सोडून अकरा होते. त्यांतले सात नुसत्या यंत्रांबद्दल होते. चारांमध्ये माणसं होती: एक रात्रपाळीचा भट्टीवाला, एक लिफ्टची देखभाल करणारी बाई, दोघे पॅकिंगवाले. चारही अहवाल तीन-तीन ओळींचे. चारही ठिकाणी तिने कुणालाच काही विचारलं नव्हतं.

शंकासूर चहा घेऊन परत आला तेव्हा ती उभी राहून, फोन कानाला लावून, भट्टीच्या कारखान्यात कुणीतरी उचलायची वाट पाहत होती.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला.

तिने आपलं खरं नाव सांगितलं. "गेल्या वर्षी तुमच्याकडे एक अहवाल पाठवला होता," ती म्हणाली. "त्यातल्या माणसाशी मला बोलायचंय."